मंदाबाईचं शेवाळ

पिंपळनेरच्या पुढे, भाताच्या पट्ट्यात, मंदाबाईचं नाव निघालं की लोक आधी हसत. विहिरीतलं शेवाळ काढायला माणसं मजूर लावतात, आणि ही बाई अंगणात उथळ वाफे करून, माती, पाणी नि थोडं खत घालून ते मुद्दाम पिकवत होती! कृषी सहायकाने सांगितलं होतं, हे निळं-हिरवं शेवाळ हवेतला नत्र धरून भाताला देतं. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की त्यावर दाट साय धरायची. वाळली की तिचे पापुद्रे खरवडून मंदाबाई शेजाऱ्यांना वाटायची. शेजारी राहणाऱ्या निंबाच्या खाचरातलं भात नजरेत भरलं, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. विधवा बाईला गावात मान मिळाला, आणि तो तिला फार हवा होता.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात वाफ्यांत डासांच्या अळ्या झाल्या. सहायकाने कीटकनाशक चिमूटभर टाकायला सांगितलं. बाईचा हात मुळातच सैल. तिने चांगलं मूठभर टाकलं आणि भोवती काट्यांचं कुंपण केलं.

काही दिवसांनी भर दुपारी निंबाची गाभण गाय आली. गावातलं पाणी आटलेलं, गायीची जीभ बाहेर. पाण्यावरून जनावर हाकलू नये, हे मंदाबाई आईच्या मांडीवर शिकली होती. ती काठी घेऊन उभी राहिली, पण हात उचलेना. मग तिने मनाची समजूत घातली: जे शेवाळ हवा खाऊन खत करतं, त्याला मूठभर विष पचवायला कितीसा वेळ? साय तर हिरवीगार होती. तिने स्वतःच काटे बाजूला ओढले.

संध्याकाळच्या आत गाय तोंडाला फेस येऊन, पाय झाडत मेली. पोटातलं वासरूही गेलं. मंदाबाईने निंबापासून काही लपवलं नाही.

"तुन्हा काय दोस, अक्का?" निंबा खाली बघत म्हणाला. "तू पानीच पाजं. पुन्यनं काम शे ते."

त्याने चार शिव्या हासडल्या असत्या, तर बाई सुटली असती. तिने दुसऱ्याच दिवशी वाफे बुजवले आणि दारात साध्या पाण्याचा हौद बांधला. पुढे म्हातारी होईपर्यंत, तहानलेलं जनावर आलं की ती त्याला हाताने अडवायची, हौदातलं पाणी आधी स्वतः ओंजळभर प्यायची, घटकाभर वाट बघायची. मग बाजूला होऊन म्हणायची, "पी, माय."