एकदाच विचारलेली खोली

ऋताला प्रश्न फार पडायचे. सांगलीत शाळेत असताना ती रिक्षावाल्या काकांना विचारायची की तुम्हाला सुट्टी कधी असते, आणि सुट्टीत तुम्ही कशातून फिरता. पुढे पुण्यात विमा कंपनीत दाव्यांची छाननी करायला लागल्यावर तर तिला प्रश्न विचारण्याचाच पगार मिळायला लागला. आणि आता, एकोणतिसाव्या वर्षी, उत्तर क्वीन्सलँडमधल्या टाउन्सव्हिलच्या समुद्राकाठी एका कॅफेत टेबलं पुसताना तर तिच्या प्रश्नांना ऊतच आला होता. इथली माणसं सुपरमार्केटात अनवाणी का हिंडतात? सूर्य एवढ्या पहाटे उगवून काय करतो? समुद्र इतका निळाशार असताना सगळी माणसं एका जाळीच्या चौकोनातच का डुंबतात? (जेलीफिश चावते म्हणून. हे उत्तर तिला पहिल्याच दिवशी मिळालं, तेही वेळेवर.)

एक प्रश्न मात्र तिच्या जिवाला लागला होता. रस्त्याकडेच्या झाडांखाली आंब्यांचा सडा पडायचा आणि कुणी एक उचलायचं नाही. उलट शनिवारी लोक गवत कापायचं मशीन त्यावरून फिरवायचे. आंबे रायवळच, दोरे असलेले, पण चोखायला गोड. ऋता पिशवी भरून आणायची आणि हॉस्टेलच्या मागच्या पायरीवर बसून कोपरापर्यंत रस ओघळेस्तोवर खायची. खोलीतल्या जर्मन मुली तिच्याकडे काळजीने बघायच्या.

वर्क अँड हॉलिडेचा व्हिसा, म्हणजे वर्षभर हिंडायचं आणि खर्चापुरतं काम करायचं, हा तिला सोडतीत लागला होता. अर्ज भरला तेव्हा घरी तिने "सहज भरलाय" एवढंच सांगितलं. लागल्यावर म्हणाली, "बघू, अजून काही ठरवलं नाही." मनातून ती महिनाभर आधीच बॅग भरून बसली होती. पण घरात कुणीच कधी "मला हे हवंय" असं तोंडाने म्हणत नसे, मग तीच कशी म्हणणार? वडिलांनी दोनतीनदा विचारलं, आईने पाचसहादा, मग कुठे ऋता "तुम्ही एवढं म्हणताय तर जाते" म्हणाली आणि विमानात बसली.

आल्यापासून तिला हे गाव आवडलं होतं. खरं तर आवडलं हा शब्द फिका होता. समोर मॅग्नेटिक बेटाची निळी रेघ, मागे कॅसल हिलचा तांबूस कातळ, आणि मधे उन्हात वाळत घातल्यासारखं हे ऐसपैस शहर. इथलं सगळं ऋतुचक्र एकदा पुरतं बघावं, पावसाळ्यात हे लोक काय करतात, आंबे संपल्यावर त्या झाडांवरची वटवाघळं कुठे जातात, ते समजून घ्यावं, असं तिच्या फार मनात होतं.

आणि नेमकं हॉस्टेल बंद व्हायचं ठरलं. छपराच्या दुरुस्तीसाठी महिनाअखेरीला सगळ्यांनी बाहेर पडायचं होतं. भाड्याच्या खोलीसाठी गावात नुसती मारामारी. मेलबर्नहून मावसभाऊ हृषीकेशचा फोन आला, "अगं, क्लेटनला ये. इथे सगळे आपलेच आहेत, घडीच्या पोळ्यासुद्धा विकत मिळतात." हृषीकेशने आग्रहाने बोलावलं होतं, मनापासून बोलावलं होतं, पण घडीच्या पोळ्या बघायला ती एवढ्या लांब आली नव्हती. खोली मिळाली नाही तर मात्र क्लेटनला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अशा वेळी ग्लेनिसने तिला खोली विचारली.

ग्लेनिस सत्तरी ओलांडलेली बाई. एका शाळेचं कॅन्टीन तिने अर्धं आयुष्य चालवलं होतं. नवरा गेलेला, मुलं लांब पर्थला. रोज सकाळी पोहून, ओल्या केसांनी आणि अर्थातच अनवाणी, ती कॅफेत येऊन बसायची. ऋताच्या प्रश्नांना न कंटाळणारं गावातलं हे एकमेव गिऱ्हाईक. सत्तरीच्या बाईला नुसतं "ग्लेनिस" म्हणायला ऋताची जीभ रेटायची नाही, त्यामुळे ती तिला काहीच हाक मारत नसे, समोर जाऊन उभी राहायची.

"माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे," त्या दिवशी ग्लेनिस टोस्टला लोणी लावत म्हणाली. "हवी असेल तर ये राहायला."

"नाही, नाही, थँक यू, इट्स ओके," ऋता म्हणाली.

आता या नाही-नाहीचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. समोर पोह्यांची बशी आली की पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग "घ्या हो, थोडे तरी" होतं, मग "अगदी चमचाभर" होतं, आणि शेवटी बशी चाटून पुसून लख्ख होते. ऋताच्या आईचा तर या बाबतीत कुणी हात धरू शकत नसे. एकदा बंगळुरूच्या नव्या व्याह्यांनी तिचं पहिलं नको खरं मानलं होतं, आणि ती साखरपुड्याहून उपाशी घरी येऊन पिठलं-भात जेवली होती. तर ऋताने नको म्हटलं, आणि मनात आनंदाच्या उकळ्या फुटत असताना ती पुढच्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली.

"नो वरीज, लव्ह," ग्लेनिस म्हणाली, आणि यंदा जेलीफिश लवकर आल्यात असं काहीतरी सांगायला लागली.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस. एकदम हो म्हटलं तर हावरट वाटतं. विचारतील परत."

परत कुणी विचारलं नाही. ऋताने आपल्या परीने वाट मोकळी करून दिली. ग्लेनिसला जॅम जास्तीचा नेऊन दिला. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आमचं हॉस्टेल बंद होतंय ना."

"व्हायलाच पाहिजे," ग्लेनिस म्हणाली. "ते छप्पर कधीपासून गळतंय."

ऋताने याहून उघड काय बोलायचं? ती चिडली, मग खट्टू झाली. विचारलंस कशाला मग, असं तिला ग्लेनिसला विचारावंसं वाटलं. जगातले सगळे प्रश्न विचारणाऱ्या या पोरीला नेमका तोच विचारता आला नाही. ग्लेनिसही हल्ली टोस्ट खाऊन लवकर उठायला लागली होती.

महिना संपत आला तसा हृषीकेशने मेलबर्नच्या विमानांचे भाव पाठवायला सुरुवात केली. त्यातच एक दिवस मॅनेजरने काउंटरपलीकडून विचारलं, "ऋता, रविवारची शिफ्ट हवी?" ऋताच्या तोंडून सवयीने "नाही नाही, इट्स ओके" गेलं, आणि तो शेजारच्या मुलीकडे वळला. मागे भांडी लावत असलेल्या निहारिकाने हे पाहिलं. निहारिका नागपूरची, इथल्या युनीत नर्सिंग शिकणारी, या गावात मुरलेली.

"संडेला दीडपट पैसे असतात. तुला नको होती शिफ्ट?" तिने विचारलं.

"हवी होती."

"मग नको काऊन म्हटलंस?"

उत्तर म्हणून ऋताने खोलीचीही हकिगत सांगून टाकली. निहारिका आधी पोट धरून हसली आणि मग एकदम हसायची थांबली.

"अगं, इथे नो म्हणजे नो. दुसऱ्यांदा विचारणं त्यांना रूड वाटतं, आपण प्रेशर टाकतोय असं. ती तुला जन्मात परत विचारणार नाही. आणि ऐक, तिला वाटत असेल, हिला माझ्या घरात राहायचं नाही."

हे ऋताला लागलं. इतके दिवस ती फक्त आपल्या खोलीचा विचार करत होती. ग्लेनिस लवकर का उठून जाते, हा प्रश्न तिला पडला होता, पण त्याचं उत्तर आपण असू, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आज आरव्होलाच, दुपारीच जा," निहारिका म्हणाली. "आणि मॅडम, तिथे जाऊन लाजत बसू नका."

ग्लेनिसचं घर लाकडी खांबांवर उचललेलं, पिवळं, पुढे व्हरांडा. अंगणात ग्लेनिस दाताळ्याने पडके आंबे ओढून कचऱ्याच्या डब्यात भरत होती. ऋता फाटकाशी उभी राहिली आणि, पुढे जाऊन समोर उभं राहण्याइतकाही धीर नसल्यामुळे, आयुष्यात पहिल्यांदा तिने हाक मारली, "ग्लेनिस."

ग्लेनिसने वळून पाहिलं.

"ती खोली अजून आहे का?"

"मंगळवारी दिली, लव्ह. डायव्हिंग शिकवणारा एक जर्मन मुलगा आहे, त्याला. तू नको म्हणाली होतीस."

इट्स ओके हे शब्द ओठांवर आलेच होते. ते म्हणून वळायचं, बॅग भरायची, क्लेटन गाठायचं, सगळं किती सोपं होतं. ती वळली नाही.

"मला हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हाच हवी होती. आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात."

ग्लेनिस दाताळ्यावर रेलली. "मग हो कधी म्हणतात?"

"तिसऱ्यांदा विचारल्यावर."

"आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही तर?"

"असं होत नाही," ऋता म्हणाली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं. "इथे होतं."

ग्लेनिस मात्र हसली नाही. "मला वाटलं माझ्या घराला वास येतो," ती म्हणाली. "म्हातारीच्या घराला येतो तसा. म्हटलं, पोरगी रोज इतक्या गप्पा मारते, पण राहायला नको म्हणते."

ऋताला इतकं वाईट वाटलं की तिचे डोळे भरून आले. "नाही हो," एवढंच ती मराठीत म्हणाली, आणि ते ग्लेनिसला समजलं असावं.

मग ग्लेनिस व्हरांड्याच्या टोकाकडे बघत म्हणाली, "तिकडे एक स्लीपआउट आहे. व्हरांड्यालाच काचेच्या पट्ट्या लावून केलेली खोली. पण ती तुला नाही आवडायची."

"का?"

"पट्ट्या नीट मिटत नाहीत. डास येतात. दुपारी भट्टी होते."

ऋताने मान वळवून त्या टोकाकडे पाहिलं.

"रात्री कर्ल्यू पक्षी ओरडतात, कुणाचा तरी गळा दाबल्यासारखे. आणि छपरावर आंबे पडतात धपाधप. तुला नकोच वाटेल ती."

ऋता दाव्यांच्या छाननीत मुरलेली बाई. आपली वस्तू किती मोलाची होती हे पटवून देणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. आपल्या वस्तूत किती खोट आहे हे कुणी एवढं मन लावून सांगताना ती प्रथमच ऐकत होती. आणि सांगताना ही बाई आंबे ओढायची थांबली होती. विषय संपवून आत जात नव्हती. नजर त्या व्हरांड्यावरून हटत नव्हती. तेव्हा ऋताच्या लक्षात आलं की हा इथला आग्रह आहे. समोरच्याला नाही म्हणायला अवघड जाऊ नये म्हणून ही माणसं नकाराची सगळी कारणं आपणच पुरवतात, आणि मग हो म्हणेल का याची वाट बघत उभी राहतात.

"मला ती हवी आहे," ऋता म्हणाली.

"आधी बघ तरी."

"बघते. पण हवी आहे."

"डास खरंच आहेत," ग्लेनिस म्हणाली, पण दाताळं तिने भिंतीला टेकवलं होतं आणि पायऱ्या चढायला लागली होती.

त्या संध्याकाळी ऋता समुद्रावरच्या बाकावर बसून आईशी बोलली. सांगलीत दुपार होती, मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. खोली मिळाली म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? विचारलं ना त्यांनी परत?"

"नाही विचारलं. मीच मागितली."

"मागितली म्हणजे?"

"सरळ जाऊन म्हटलं, मला हवी आहे."

"अशी?"

"अशीच."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"आनंद झाला गं त्यांना," ऋता म्हणाली. "त्यांना वाटत होतं, मलाच नकोय."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली, मग तोही आवाज थांबला. ऋताला वाटलं फोन कटला.

"आई?"

"मला यायचंय तिकडे," आई म्हणाली. "तुझ्या बाबांचं मला माहीत नाही. मला यायचंय."