सुलतानबीची फुकटची गोळी

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. पण लग्नघरी नवरीच्या हातावर एकामागोमाग सात बांगड्या वाढल्या, तेव्हा बायका जे कुजबुजल्या ते सुलतानबीला स्वच्छ ऐकू आलं. मंगरूळपीरात चाळीस वर्षं बांगड्या भरताना असं कधी घडलं नव्हतं. तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या आणि कारण तिला पक्कं ठाऊक होतं: साखर. गोळ्या महाग, म्हणून ती एक दिवस गोळी घ्यायची आणि एक दिवस अल्लाचं नाव.

हात गेले तर खायचं काय, यावरून तिनं जावयाला, मोईनला, तासभर फैलावर घेतलं. जणू साखर त्यानंच चढवली होती. मोईन पंक्चर काढणारा, त्याचंच धड भागत नव्हतं. पैसे देणं जमेना, म्हणून त्यानं अक्कल दिली. सरकारी दवाखान्यात साखरेच्या गोळ्या फुकट मिळतात म्हणाला.

सुलतानबी गेली, रांगेत उभी राहिली, नर्स सुकेशनीकडून महिन्याच्या गोळ्या घेतल्या आणि घरी येऊन पेटीत कुलपात ठेवल्या. खाल्ली एकही नाही. फुकट वाटतात त्यात दम काय असणार? पण फुकट मिळालेली वस्तू टाकून द्यायची तर जिवावर येतं. त्यामुळे दर महिन्याला ती इमानदारीनं जाऊन आणत राहिली. लवकरच स्वतःचं मेडिकल काढता आलं असतं तिला.

तिसऱ्या महिन्यात सुकेशनीनं साखर तपासली आणि कपाळाला हात लावला.

"खाला, गोळ्या खाता का नाही?"

"खातो नं. दुकानातली, एक दिवसाआड. तुह्यावाल्या ठेवल्या हायेत संभाळून."

"कायले?"

"फुकटच्या गोळीत काय दम असते, बाई? दुकानातल्या गोळीची डब्बी पाय, कशी चमकते!"

सुकेशनी गोड बोलणाऱ्यांतली नव्हे. तिनं सुलतानबीच्या डबीतली पट्टी आणि दवाखान्यातली पट्टी टेबलावर शेजारीशेजारी ठेवून सांगितलं, औषध एकच, ताकदही एकच. पण शाळेची पायरी न चढलेल्या बाईला पट्टीवरची अक्षरं दाखवून काय पटणार? मग सुकेशनीनं रांगेकडे एक नजर टाकली आणि मुद्दाम आवाज चढवला.

"बरं खाला, एक सांगा. माह्या लग्नात तुमी मले मखमली डब्ब्यातल्या बांगड्या देल्या, दुप्पट पैशात. तशाच सुट्या बांगड्या टोपलीतून अर्ध्या पैशात इकता. दोन्हीत फरक काय हाय?"

सुलतानबीनं वळून पाहिलं. मागे रांगेत तिची चार गिऱ्हाइकं होती आणि त्यांत सर्वांत पुढे रुपाबाई, जिनं तीन पोरींच्या लग्नांत तीनदा मखमली डबा घेतला होता. डब्यातला माल भारी म्हणावं, तर दुकानातली गोळीही भारीच. म्हणजे पुन्हा एक दिवसाआड, आणि बोटं कायमची गेली. माल एकच म्हणावं, तर चाळीस वर्षांची इज्जत गेली. हे गुपित तिनं पोटच्या पोरीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिनं बोटांकडे पाहिलं. खरंच फार भीती वाटली तिला. नवरा असताना आणि तो गेल्यावरही याच बोटांनी तिला पोसलं होतं, आणि आज त्यांना टेबलाची कडसुद्धा नीट कळत नव्हती.

"एकच माल हाय," ती पुटपुटली.

"आयकू नाही आलं, खाला."

"एकच माल हाय म्हणतो नं! एकाच खोक्यातून येते. डब्बा मी वरून लावतो. झालं समाधान?"

रांगेत एकच कालवा उसळला. रुपाबाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. "बया! म्हंजे माह्या तिन्ही पोरीच्या लग्नात तू मले..."

"हो, तिन्ही." सुलतानबीनं फुकटच्या पट्टीतली गोळी काढून तळहातावर घेतली. "मंग भांड, रुपाबाई, दिवसभर भांड. आज दुकानातल्या गोळीचा खाडा हाय, अन् जेवून आली हाव मी. आधी तुह्या बाटलीतलं पाणी दे."

रुपाबाईनं शिव्या देत देतच झाकण उघडलं.