पाठ फिरवून मारायची उडी

ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या अंबडच्या घरात टीव्हीवर कशिद्याचं कव्हर टाकलेलं होतं आणि कव्हराखाली टीव्ही चालू होता. हे आम्हा दोघी बहिणींखेरीज कुणालाही माहीत नव्हतं.

त्या काळच्या टीव्ही-गेमला लक्षात ठेवायची अक्कल नव्हती. लाइट गेली की केलेलं सगळं पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ताईनं सकाळी सगळे झोपेत असताना खेळायला बसून खेळातल्या तलवारवाल्याला बुरुजापर्यंत आणलं होतं. एकच जीव उरला होता. तेवढ्यात शेजारच्या बायका मेंदीचे कोन घेऊन आल्या. ताईनं खेळ थांबवला, वर कव्हर ओढलं आणि गुमान दोन्ही हात पुढं केले.

ताई कॉलेज संपवून वर्षभर घरी होती. पाहुणे तिला बघून, पोहे खाऊन जात आणि ती साडी बदलून पुन्हा खेळायला बसे. तिला खेळातला शेवटचा राजाबिजा मारायचा नव्हता. बुरुजाच्या टोकाला एक दार होतं, त्यापलीकडं काय आहे ते तिला पाहायचं होतं. सासर कुंभार पिंपळगावला. तिथं नव्या सुनेनं टीव्हीसमोर मांडी घालून तलवार चालवणं काही होणार नव्हतं. "तेवढं दार पाहू दे," ती म्हणाली होती, "मंग जाते सुखानं."

बुरूज तसा एवढासा. नीट गेलं तर चहाला उकळी फुटायच्या आत संपावा. पण आम्ही उन्हाळाभर तिथंच मरत होतो. कडेवर उभं राहिलं की समोरून घार येई. तिला मारून एक पाऊल मागं घेतलं की ती मेलेली घार पुन्हा जिवंत होऊन हजर. दाराआधीच्या शेवटच्या फटीवर तर उडी मारली की घार नेमकी छातीवर आदळे आणि तलवारवाला मागं फेकला जाऊन खाली. मला अस्सा संताप यायचा! मी दिसेल त्याच्यावर तलवार चालवायची. ताई म्हणायची, "तू भांडायला गेल्ती का पलीकडं जायला?"

तोड तिलाच सापडली, तीही चुकून. मार बसला की तलवारवाला ज्या बाजूला तोंड असेल तिच्या उलट फेकला जातो. म्हणजे फटीकडं पाठ करायची, तलवार चालवायची नाही, घार आली की जागच्या जागी उडी आणि मार खायचा. घारच आपल्याला फटीपलीकडं फेकते. वर, मार खाल्ल्यावर तो थोडा वेळ लुकलुकतो, तेवढ्यात त्याला कशाचीही बाधा होत नाही. त्या लुकलुकण्यातच धावत दार गाठायचं. हे तिला कळलं तेव्हा ती धावली नाही, हसत बसली आणि मेली. पुन्हा तिथवर पोचायला लग्नाचा आदला दिवस उजाडला.

दुपारी नवऱ्याकडची माणसं वऱ्हाड उतरायचा जानवसा बघायला आली. आमच्या दारातल्या मंडपात सतरंजीवर ताईचे सासरे आणि चार वडीलधारे बसले. आई त्यांच्या चहात गुंतली. ताईनं मला डोळ्यांनी खूण केली. तिच्या तळव्यांवरची मेंदी अजून उतरली नव्हती, म्हणून खेळाचा रिमोट माझ्या हातात आला. मी दार लोटून कव्हर काढलं. ती माझ्या मागं, दोन्ही हात हवेत धरून उभी राहिली.

"पाठ फिरव. आता थांब."

मला थांबता येत नव्हतं. माझा अंगठा तलवारीच्या बटणावर आपोआप जात होता. एक जीव, आणि तोही तिचा.

तेवढ्यात बाहेरून मंडपवाल्याचा आवाज आला, "मेन बंद करून राह्यलो हो! लाउडस्पीकरची वायर जोडायची!"

मी खेळ थांबवला खरा, पण थांबवून काय उपयोग? मेन गेला की सगळंच जाणार होतं. मी ताईकडं पाहिलं. सकाळपासून जिचा आवाज माझ्याखेरीज कुणी ऐकला नव्हता त्या माझ्या ताईनं खिडकीशी जाऊन गळ्याच्या शिरा ताणल्या. "थांबा! मेन बंद करायचा न्हाई! बिलकुल न्हाई!"

मंडपात सगळ्यांच्या माना खिडकीकडं वळल्या. सासऱ्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. आई स्वयंपाकघरातून धावत आली, दार ढकललं आणि तोंडाला पदर लावून उंबऱ्यातच थांबली. मला वाटलं, मोडलं लग्न. सासरे उठले, दाराशी आले. त्यांनी टीव्हीकडं पाहिलं, ताईच्या हवेतल्या हातांकडं पाहिलं.

"काय झालं, बाई?"

ताईची मान खाली. पण ती सासऱ्यांशी बोलली. "मामा, थोडं राह्यलंय. एवढं झालं की..."

सासरे वळून मंडपवाल्याला म्हणाले, "थांब रे बाबा जरासा. पोरीचं काहीतरी राह्यलंय."

आता पाठीमागं आई, सासरे, दारात गोळा झालेले पाहुणे. मी खेळ सुरू केला. फटीकडं पाठ. घार निघाली. तलवारीचं बटण अंगठ्याखाली होतं, आणि इतक्या माणसांसमोर मुकाट मार खायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं.

"खा," ताई कानाशी म्हणाली.

मी उडी मारली. घार आदळली. तलवारवाला उलटा फेकला गेला, फटीवरून, पलीकडं. "पळ! पळ आता!" ताई ओरडली आणि लुकलुकत्या तलवारवाल्याला मी दारात घातलं.

आत एक मोठं रिकामं दालन होतं. पार टोकाला खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. बस, एवढंच. सासऱ्यांनी विचारलं, "हेच का?" ताई मानेनं हो म्हणाली. ती त्या रिकाम्या दालनाकडं डोळे भरून पाहत होती. मी पुढं चालायला लागले तर तिनं कोपरानं मला अडवलं.

"राहू दे. झालं पाहून." मग सासऱ्यांकडं वळून ती म्हणाली, "मामा, करा म्हणा बंद."

त्यांनी हाक दिली. चित्र आक्रसून ठिपक्याएवढं झालं आणि गेलं. ताई उद्या खरंच जाणार, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि रिमोट हातात धरूनच मी मोठ्यानं रडायला लागले.