मिस्त्रींचा शर्ट

मिस्त्रींचे गुडघे सकाळी त्यांच्याआधी जागे होत आणि कुरकुर सुरू करत. छत्तीस वर्षं जमिनीवर फरश्या बसवल्यावर दुसरं काय होणार? इतर माणसं लहानपणी एकदाच रांगतात, मिस्त्री रोज रांगत आले होते.

आजचं काम एका निवृत्त कारकुनाच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. खाली काँक्रीट आणि त्यावर चाळीसएक वर्षांपूर्वीच्या पातळ, करड्या, चौकोनी फरश्या. मिस्त्रींनी एका नजरेत ओळखलं, या अ‍ॅस्बेस्टॉसच्या. अखंड आहेत तोवर गरीब गाय. खरवडल्या की बारीक धूळ छातीत जाऊन बसते आणि वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढते.

"आधी हे सगळं उखडून टाका," कारकूनसाहेब म्हणाले. "जमीन वर आली तर दार अडकेल."

"दार खालून कापून देतो, साहेब. हिला हात लावायचा नाही. वरूनच टाइल बसवू."

"अहो, पूर्वी सगळे मिस्त्री खरवडूनच काढायचे की!"

"मीच काढायचो," मिस्त्री म्हणाले आणि ओलं फडकं घेऊन खाली बसले.

झाडू मारला नाही, ओल्या फडक्यानंच पुसून घेतलं. थापीच्या दांड्यानं एकेक फरशी ठोकून पाहिली. एकही पोकळ वाजली नाही, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. प्रायमर लावला, वाळू दिला, दातेरी थापीनं मसाला ओढला आणि पहिली टाइल टेकवली. हात आपोआप चालत होते. मन मात्र दोन महिन्यांपूर्वीच्या दवाखान्यात अडकलं होतं.

मिस्त्रींची छाती ठणठणीत होती. आजार निघाला बायकोला. डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "तुम्ही कुठल्या कारखान्यात कामाला होता?"

"मी?" ती खोकत हसली. "मी उंबरठा तरी कधी ओलांडला?"

तिला एक्स-रेला नेल्यावर डॉक्टरांनी मिस्त्रींना त्यांचं काम विचारलं. मग विचारलं, घरी कपडे कोण धुतं? रोज संध्याकाळी ती दारात उभी राहून त्यांचा शर्ट झटकायची. पांढरा धुरळा उडायचा. "खाण खणून आलात की काय!" म्हणायची, तोंड फिरवायची आणि पुन्हा झटकायची. मिस्त्रींनी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवून ते कागदावर उतरवून घेतलं. तेव्हापासून मिस्त्री ते एकटेच पोटात घेऊन फिरत होते. तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

संध्याकाळी घरी आल्यावर ते आत न जाता थेट मोरीत गेले. शर्ट काढला आणि नळाखाली धरला. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. दोन वाक्यांत तिला तीनदा थांबावं लागे.

"आता... धुऊन काय उपयोग?"

मिस्त्रींच्या हातातला साबण निसटला. "तुला... ठाऊक आहे?"

"तुम्ही औषधं आणायला गेलात ना... तेव्हा डॉक्टरांनी मलाही विचारलं. कपडे कोण झटकायचं म्हणून." ती दम खाऊन म्हणाली, "मी सांगितलं, मोलकरीण."

"आपल्याकडे कधी मोलकरीण होती?"

"डॉक्टर तुम्हाला सांगतील... म्हणून तसं म्हटलं. तुमच्या जिवाला घोर नको."

मिस्त्री ओल्या जमिनीवर मटकन बसले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"बस झालं," ती म्हणाली. "पिळता तरी येतं का नीट? आणा इकडे."

तिनं हात पुढे केला. मिस्त्रींनी शर्ट पाठीमागे घट्ट धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो तिच्या हातात दिला नाही.