शिवणयंत्राच्या खणातलं पाकीट

माझी थोरली बहीण तीस वर्षं ताऱ्यांवर काम करत होती, पण दुर्बिणीला तिने कधी डोळा लावला नाही. तिचं सगळं काम कागद, पेन्सिल आणि एका घरघरणाऱ्या संगणकावर. मी कपडे शिवते. मापाला पक्की कोण, यावरून आमचं अजून वाजतं.

तिचे तारे विझलेले. वजनाने सूर्याहून जड, पण आकाराने जेमतेम शहराएवढे, आत न्यूट्रॉन ठासून भरलेले. ताईने मला इमारतीचं उदाहरण दिलं होतं. एका जागेवर एकच न्यूट्रॉन मावतो. उशिरा येणाऱ्यांना वरचे मजले चढावे लागतात, आणि त्यांच्या त्या रेटारेटीवर तारा उभा असतो. पण अगदी गाभ्यात काही न्यूट्रॉनांचे हायपेरॉन नावाचे वेगळेच कण होऊ शकतात. ते वेगळ्या जातीचे, म्हणून त्यांना खालचे मजले मोकळे मिळतात. रेटारेटी कमी झाली की ताऱ्याला पूर्वीएवढं वजन पेलत नाही.

"म्हणजे पाहुणे आले आणि घर खचलं," मी म्हटलं.

"तू माझ्याकडे राहायला येतेस तेव्हा होतं तसंच," ताई म्हणाली.

हे कण एकमेकांना किती जोराने दूर लोटतात, तो आकडा तिला गणिताआधी ठरवावा लागे. ठरला की कागदावर लिहून, पाकिटात बंद करून ती माझ्या शिवणयंत्राच्या खणात ठेवायला देई. का, तर उत्तर बघितल्यावर आकडा बदलायला आपला हात वळवळायला नको.

तिचं शेवटचं गणित सहा वर्षं चाललं. निवृत्तीच्या निरोप समारंभात त्याचं उत्तर सांगायचं ठरलं होतं. उत्तर आलं, की दीड सूर्याहून जड तारा उभा राहूच शकत नाही. आणि दरम्यान दुर्बिणवाल्यांनी दोन सूर्यांएवढा तारा मोजला होता. चांगला धडधाकट उभा होता मेला.

समारंभाच्या दोन दिवस आधी मी ताईकडेच होते, तेव्हा तिचे विभागप्रमुख घरी येऊन हळूच म्हणाले, "बाई, तो आकडा जरासा वाढवा. तारा उभा राहील. आधीपासून हाच धरला होता म्हणा, कोण विचारतंय?"

ते गेल्यावर ताईने माझ्याकडे पाकीट मागितलं. मी म्हटलं, "हरवलं गं. आवराआवरीत गेलं असेल कुठेतरी."

समारंभासाठी खणातून काढून आणलेलं ते पाकीट माझ्या पर्समध्येच होतं. मला वाटलं, पाकीटच नसलं तर ऐकेल त्यांचं. शेवटच्या दिवशी चारचौघांत तिची फजिती मला बघवली नसती. जीव आहे माझा तिच्यावर. ताईने नुसतं "बरं" म्हटलं.

समारंभात ती उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "माझं गणित चुकलं. माझा तारा दीड सूर्यालाच कोसळतो, खरा कोसळत नाही. कुठेतरी मी त्या कणांना ओळखण्यात कमी पडले. सुरुवातीला आकडा लिहून ठेवलेलं पाकीट आत्ता माझ्या हातात नाही, पण आकडा पाठ आहे." तिने तो फळ्यावर लिहिला.

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. "पाठ आहे म्हणे!"

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा पुढे गेले आणि सगळ्यांदेखत पाकीट तिच्या हातात ठेवलं. तिने ते फोडून कागद सभेकडे धरला. दशांशानंतरचे चारही अंक तेच होते.

"ही माझी धाकटी बहीण," ताई माईकवर म्हणाली. "हिला खोटं बोलता येत नाही. परवा बोलली, तेव्हाच मला कळलं होतं की ही ते आज आणेल."