ग्रोसरीवाल्याचे बिल्ले

पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. अबुधाबीजवळच्या मुसफ्फाच्या आमच्या लेबर कॅम्पात दोन सरकारं होती. एक देशाचं, दुसरं गेटाशेजारच्या ग्रोसरीवाल्याचं. चलन दोघांचंही चालायचं. ग्रोसरीवाला सुट्टे कधी द्यायचाच नाही, प्लॅस्टिकचे बिल्ले द्यायचा. लाल एक दिरहमचा, पिवळा पाचाचा. मी तिथं टाइमकीपर होतो, माझ्याही खिशात ते खुळखुळायचे. कंपनीचा पगार दोन-दोन महिने लटकायचा, बिल्ला मात्र रोज चालायचा. न्हावी घ्यायचा, चहावाला घ्यायचा, रमीच्या डावात तर खऱ्या नोटेकडे लोक संशयानं बघायचे.

आमच्या खोलीत रत्नागिरीकडचे एक वेल्डरकाका होते. शुक्रवारच्या सुट्टीत ते ग्रोसरीवाल्याची तोडमोड सांधून द्यायचे आणि मजुरी हट्टानं बिल्ल्यांत घ्यायचे.

"कॅश हातात आली की उडते," म्हणायचे, "बिल्ला कुठं जातोय?"

कुठं जाणार बिचारा! दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा त्यांनी वर्षभर भरत आणला. "हजार दिरहम, म्हणजे दहा हजार रुपये. लेकीच्या पाटल्या झाल्या समज."

लग्न ठरलं, सुट्टी मिळाली. काका डबा घेऊन दुकानात गेले, मीही सोबत होतो.

"सेठ, कॅश दे दो. बेटी का सोना लेना है."

"कॅश नहीं, चाचा. सामान ले जाओ, जितना मर्जी. सब अपना ही है."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. काकांनी तेवढंच बाकी ठेवलं होतं. गाढव हललं नाही.

मग कॅम्पानं वर्गणी काढली. दानत बघावी तर आमचीच! न्हाव्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांनी सढळ हातानं दिलं, आणि सगळ्यांनी बिल्लेच दिले. ग्रोसरीवाल्यानंही "शादी का मामला है" म्हणत मूठभर टाकले. लोकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. मला इतका संताप आला की समोरचा पेलाभर गरम चहा त्याच्या गल्ल्यात ओतावासा वाटला.

काका गावी गेले ते साबण, अत्तर आणि दुधाची पावडर घेऊन.

परतल्यावर आम्ही विचारलं, "लग्न झकास ना?"

"झकास. सगळ्या वाडीला साबण वाटला." काका बॅगेचा पट्टा सोडवत बसले. मग मान वर न करता म्हणाले, "पोरीच्या हातात नुसता हिरवा चुडा होता. निघताना मला बाजूला घेऊन विचारलंन, बाबा, तुम्ही तिकडं खरंच कामाला आहात ना?"