पाण्यापासून दोन पावलांवरची खुर्ची

त्या प्रकरणाचा कागद अजून माझ्या कपाटात आहे. तो हातात घेतला की हॅम्बर्गच्या ठाण्यातली ती लांबट खोली जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. साठच्या दशकाची सुरुवात होती. महाराष्ट्र पोलीस दलातून सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी मी तिथे गेलो होतो. गुन्हे तपासाच्या शाखेत एका कमिसारच्या, म्हणजे तपास अधिकाऱ्याच्या टेबलाशेजारी मला खुर्ची दिली होती. काम बघायचे, टिपणे काढायची आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाही, एवढेच माझे काम.

माझी पद्धत नोकरीभर एकच राहिली. प्रत्येक जबाबाची एका कागदावर यादी करायची. सांगितलेली गोष्ट पटली की तिच्यापुढे बरोबरची खूण, शंका आली की गोल. शेवटी फक्त गोल तपासायचे. वेळ वाचतो.

तक्रार एका विधवा बाईंची होती. इटलीच्या रिव्हिएरावर, भूमध्य समुद्राच्या काठी, एका बड्या हॉटेलात तीन आठवडे सुट्टी घालवून त्या परतल्या, तर घरातली चांदीच्या काट्याचमच्यांची पेटी आणि मोत्यांची माळ गायब. कुलूप शाबूत. किल्ल्या तीन: एक बाईंकडे, एक त्यांच्या भाच्याकडे, एक वरच्या खोलीतल्या भाडेकरूकडे. भाचा त्याच तीन आठवड्यांत रिव्हिएरावरच्याच दुसऱ्या आलिशान हॉटेलात होता, असे घरचे सगळे सांगत होते. उरला भाडेकरू. तो पुण्याचा, इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करणारा मुलगा.

त्यातच शेजारणीने खबर दिली. बाई गावाला असताना एका सकाळी हा मुलगा एक जड पेटी दोन्ही हातांनी धरून घराबाहेर पडताना तिने पाहिला होता.

मुलाला बोलावले. कमिसारने दुभाषा म्हणून मला बोलायची परवानगी दिली.

"पेटीत काय होतं?"

"घरगुती सामान."

"कसलं?"

मुलाने नजर खिडकीकडे वळवली. मी कागदावर भला मोठा गोल काढला आणि मराठीत विचारले, "अरे, चोरीचा आळ आलाय तुझ्यावर. कळतंय का तुला?"

"कळतंय साहेब. शुक्रवारी माझा आउफेंटहाल्ट, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपतो. ठाण्यात केस असली तर तो वाढवून देणार नाहीत. प्रबंधाचं एकच प्रकरण राहिलंय. ते सोडून घरी जावं लागेल."

"मग तोंड उघड."

तो मान खाली घालून म्हणाला, "खलबत्ता होता."

"काय?"

"लोखंडी. आईनं बोटीनं पाठवला. मी मसाला कुटायचो. घरमालकीणबाई म्हणाल्या, छत पडेल. म्हणून इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवला. आता हे इथं कसं सांगू? प्रोफेसरांना कळलं तर हसतील सगळे."

"खलबत्त्याची लाज वाटते आणि चोर म्हणवून घेणं चालतं? शहाणाच आहेस!"

कमिसारने वर्कशॉपमध्ये माणूस पाठवला. खलबत्ता सापडला, पण त्याने एवढेच सिद्ध झाले की खलबत्ता आहे. चांदी दुसऱ्या दिवशीही नेता आली असती. मुलगा संशयित राहिलाच.

मंगळवारी भाच्याचा जबाब झाला. तिशीचा, नीटनेटका, उन्हाने छान रापलेला माणूस. सुटकेसवर हॉटेलचे रंगीत लेबल. इटलीला जायला जर्मन माणसाला ओळखपत्र पुरत असे, त्यामुळे पासपोर्टवर शिक्का शोधण्यात अर्थ नव्हता. हॉटेल पाहुण्यांची नावे फोनवर सांगेना. इटलीच्या पोलिसांकडे विचारणा गेली होती, उत्तराला दोन आठवडे लागणार होते.

मी परवानगी घेऊन माझे नेहमीचे कंटाळवाणे प्रश्न विचारले. न्याहारी कुठे, पाणी कुठले, दिवस कसा जायचा. तो खुशीत सांगत होता. संगमरवरी गच्ची. पांढरे हातमोजे घातलेले वेटर. संध्याकाळी वाद्यवृंद. समुद्रावर रंगीत पट्ट्यांच्या खुर्च्या. "कधी कधी पाणी इतकं आत गेलेलं असे," तो हसून म्हणाला, "की पोहायला ओल्या वाळूतून चालत जावं लागे. परत यावं तर पाणी खुर्च्यांपर्यंत आलेलं."

कमिसारने मान डोलावली. मीही ओळीमागून ओळ बरोबरच्या खुणा करत गेलो. माझ्या यादीत त्या माणसापुढे एकही गोल नव्हता.

बुधवारी बाई चोरीस गेलेल्या वस्तूंच्या यादीवर सही करायला आल्या. टंकलेखन चालू होते, बसणे भाग होते. माझे बालपण दापोलीजवळच्या किनाऱ्यावर गेले. समुद्राचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. मी सहज विचारले, "ओहोटीला तुम्हालाही बरंच चालावं लागत असेल?"

बाई हसल्या. "अहो इन्स्पेक्टर, तिकडचा समुद्र कुठे जात नाही! पहिल्या दिवशी हॉटेलच्या माणसानं माझी खुर्ची पाण्यापासून दोन पावलांवर मांडली. तीन आठवडे ती तिथंच होती. तेवढ्यासाठीच तर मी जाते. इथल्या उत्तर समुद्राच्या मागे धावायचं माझं वय राहिलं नाही."

मी फाइल उघडून भाच्याचे ते वाक्य त्यांना वाचून दाखवले. नियमाप्रमाणे कमिसारला आधी विचारायला हवे होते. राहून गेले.

त्यांचे हसू थांबले. "हे तो म्हणाला?"

"हो."

त्यांनी हातमोजे चढवले, मग सावकाश पुन्हा काढून मांडीवर ठेवले. बहिणीचा एकुलता एक मुलगा. मी काहीच ऐकले नाही, असे त्या म्हणू शकल्या असत्या. म्हणाल्या, "मग माझाही जबाब लिहून घ्या. खुर्चीचा."

कमिसारने दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवून वाचले. एल्बच्या काठी जन्मलेला माणूस, भरतीने नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढताना पाहत वाढलेला. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जेमतेम वीतभर, हे त्याच्याही ध्यानात आले नव्हते. "आल्झो, तर असं आहे," तो म्हणाला, "मीही हे ऐकलं आणि पुढे गेलो."

गुरुवारी भाच्याला पुन्हा बोलावले. कमिसारने त्याला सुट्टीचे वर्णन पहिल्यापासून करू दिले, मग विचारले, "पाणी वर आलं की खुर्च्या कोण हलवायचं?"

"हॉटेलची माणसं."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता सांगा, उत्तर समुद्रातलं कुठलं बेट?"

त्याने पाणी मागितले. पेला रिकामा झाल्यावर सगळी हकिगत बाहेर आली. होणाऱ्या सासरी त्याने थाप मारली होती की आपले घराणे दरवर्षी रिव्हिएराला जाते. प्रत्यक्षात तो एका बेटावर साध्या खानावळीत राहिला, तिथेच रापला, सुटकेसवरचे लेबल मित्राकडून मिळवले. मधल्या एका दिवशी हॅम्बर्गला येऊन त्याने मावशीचे कपाट उघडले. चांदी आणि माळ होणाऱ्या सासरीच सापडली, घराण्याची भेट म्हणून दिलेली.

शुक्रवारी सकाळी कमिसारचे पत्र घेऊन मुलगा परदेशी नागरिकांच्या कार्यालयात गेला. रांगेत त्याच्या पुढे त्याच तक्रारदार बाई, त्याच्या घरमालकीणबाई, उभ्या होत्या, त्याच्यासाठी हमी द्यायला. परवाना मिळाल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "ते लोखंड घरी आण. पण रविवारी कुटायचं नाही!"

पुढे वीसेक वर्षे मी तपास केले, अधिकारी तयार केले. त्यांना एक गोष्ट प्रत्येक वेळी सांगितली. खोटे बोलणारा माणूस आपल्याच अनुभवातून खोटे रचतो, आणि तो अनुभव आपलाही असेल तर ते कानाला खटकत नाही. त्या खोलीत कमिसार, भाचा आणि मी, तिघेही भरती-ओहोटी बघत मोठे झालेले. ज्याच्यावर शंका येते त्याला आपण तपासतोच. जे आपल्याला अगदी पटते, ते मात्र वेगळ्या ठिकाणी राहून आलेल्या माणसाला विचारून घ्यावे. माझी गोल काढण्याची पद्धत चांगली होती, पण त्या प्रकरणात मी गोल खलबत्त्यापुढे काढला होता.

तो कागद आता पिवळा पडला आहे. त्यावर 'ओहोटी' या शब्दापुढे माझ्या हातची बरोबरची खूण आहे. ती मी मुद्दाम खोडलेली नाही.